लाल काजांचा शर्ट

ऑफिसात त्यांना सगळे अनुस्वार म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडंफार आवडतही होतं. सत्तावीस वर्षं ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासत होते. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं यंत्र, दवाखान्यातला खालीवर होणारा पलंग, काहीही असो. खोक्यात तळाशी जी पुस्तिका असते, जी कुणी वाचत नाही आणि यंत्र अडलं की सगळं घर शोधत बसतं, ती छापायला जाण्याआधी शेवटची नजर त्यांची. एकदा चाळीस पानांत एका ठिकाणी ‘नळ बद करा’ असं राहिलं होतं, तेवढ्यासाठी त्यांनी छपाई थांबवायला लावली होती. त्या दिवशी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस नाकासमोर चालणारा. पांढरा शर्ट, राखाडी पँट, खिशाला लाल पेन. असे पांढरे शर्ट कपाटात सात होते आणि सातही जण सख्ख्या भावांसारखे दिसत. मिटिंगमध्ये ते भिंतीकडच्या खुर्चीवर बसत. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून टेबलावरून पुढे सरकवत. चिठ्ठी कधी योग्य माणसापर्यंत पोचे, कधी कुणाच्या तरी कपाखाली जाऊन चहा टिपून घेई. अनुस्वारांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

मग नव्या प्रमुख बाई आल्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी फलकावर सूचना लावली, की उद्यापासून पोशाखाचा नियम नाही, ज्याला जे आवडेल आणि सोयीचं वाटेल ते त्यानं घालावं. अनुस्वारांनी ती दोनदा वाचली. तीत एकही चूक नव्हती, आणि पंचाईत तीच होती. चूक असती तर काय करायचं ते त्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट उघडलं तर आत सात पांढरे शर्ट आणि लग्नातला कोट. कोटाचं बटण आता पोटाला दुरूनच नमस्कार करायचं. राहता राहिला घरात घालायचा टीशर्ट. त्यांची बायको दवाखान्यात मुख्य नर्स होती. तिथं हात धुण्याची मोहीम झाली तेव्हा वाटलेला. छातीवर ठसठशीत अक्षरांत ‘स्वछ हात, निरोगी साथ’ असं छापलेलं. छापणाऱ्यानं च खाल्ला होता, म्हणून अनुस्वारांनी पेनानं मध्ये अर्धा च घालून ठेवला होता. नियम गेला म्हणतात, तर असेच जाऊ या, असं म्हणून त्यांनी तो चढवला.

व्हायचं ते झालं. लिफ्टमध्ये एकानं ते वाचून स्वतःचे हात पाहिले. जेवणाच्या सुट्टीत तिघांनी “काका, धुतले बरं का” म्हणून हात पुढे केले. सगळ्यांत वाईट म्हणजे शेजारच्या टेबलावर चित्रं काढणाऱ्या मुलीनं तो पेनानं घातलेला च बरोबर हेरला आणि हसू दाबताना तिला ठसका लागला. अनुस्वार दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढऱ्या शर्टात आले.

पण डोळे उघडे ठेवायची सवय जुनी. पंधरवड्यात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या दिवशी कुणी काय, कुणी काय घालून आलं होतं. हळूहळू फुलं गेली, पट्टे गेले, आणि सगळं ऑफिस जीन्स आणि काळ्या टीशर्टवर येऊन थांबलं. कुणी हुकूम काढला नव्हता. उपप्रमुख काळा टीशर्ट घालत एवढंच. या उपप्रमुखांना सगळे आढावा म्हणत, कारण कुठलंही काम ते ‘जरा आढावा घेऊ’ म्हणून सुरू करत आणि बरेचदा तिथंच संपवत. आता चाळीस माणसं एका रांगेत बसली की शाईत बुडवून काढल्यासारखी दिसत.

घरी त्यांनी ही हकिगत बायकोला सांगितली. ती नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाय पाण्यात सोडून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं ती पांढऱ्यात काढत होती आणि निवृत्तीपर्यंतची पुढची चारही पांढऱ्यातच जाणार होती.

“मला कुणी विचारलंय का आजवर, बाई काय घालणार म्हणून?” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलं, तर तुम्ही पुन्हा पांढराच घालून निघालात. अहो, वन्संच्या दुकानात तरी जाऊन बघा.”

वन्सं म्हणजे अनुस्वारांची थोरली बहीण. ताईचं शर्ट शिवायचं दुकान होतं. जेमतेम दोन यंत्रं, एक कापायचं टेबल आणि छतापर्यंत कापडाचे गठ्ठे. तिचा हात असा, की नुसत्या नजरेनं खांद्याचं माप सांगायची. पण गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकं येत ती बाहीची लांबी कमी करायला नाहीतर कॉलर उलटायला. नवा शर्ट सांगितलाच तर फिका निळा. कापड खरेदी करताना मात्र ताईला मोह आवरत नसे, त्यामुळे रंगीत तुकडे आणि कटपीस मागच्या फळीवर साठत गेले होते.

शनिवारी दुपारी अनुस्वार सातातले दोन पांढरे शर्ट पिशवीत घालून गेले. मनात एवढंच होतं की कॉलर तरी बदलून घेऊ. ताईनं शर्ट हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि बाजूला ठेवले.

“हे नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी सांग, तुला आवडतं काय?”

त्यांनी सांगितलं की ऑफिसला शोभेल असं काहीतरी.

“ऑफिसला नाही विचारलं रे. तुला विचारलं.”

त्रेपन्नाव्या वर्षी स्वतःच्या आवडीचा रंग माहीत नसावा, याचं अनुस्वारांना नवल वाटलं. ताईनं त्यांना मागच्या फळीपाशी नेऊन सोडलं आणि ती आपल्या यंत्राकडे गेली. पाऊण तास ते गठ्ठे उलगडत होते. सुरुवातीला त्यांनी कापड पाहिलं तेही पुस्तिका तपासावी तसं, कुठं धागा निघालाय का, छापा तिरका गेलाय का. मग त्यांचा हात एका हिरव्यावर थांबला. कोवळ्या गवताचा हिरवा, जाडसर सुती. तो त्यांनी गालाला लावून पाहिला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून वळले. ताई पाहतच होती. तिनं टेप गळ्यातून काढली.

मग तिच्या अंगात आलं. कॉलरला आतून विटेच्या रंगाचं बारीक ठिपक्यांचं कापड. खिसा सरळ नको, तिरका, म्हणजे वाकलं तरी पेन पडणार नाही. आणि काजं? हिरव्यावर हिरवीच करायची ती, असं अनुस्वार म्हणाले. ताईनं लाल दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी रीळ पाहिलं, खिशाचं पेन पाहिलं आणि मान डोलावली.

आठवड्यानं शर्ट अंगावर आला. आरशात त्यांना जो माणूस दिसला तो ओळखीचाच होता, फक्त बऱ्याच वर्षांनी भेटल्यासारखा वाटत होता. खांदे मागे गेले होते. ताईनं पाठीवरून हात फिरवून शिवण सारखी केली आणि म्हणाली, “याच्यात पोक काढून बसशील तर माझी शिलाई वाया.”

सोमवारी ते दारातून आत आले तेव्हा काळ्या रांगेतल्या माना एकामागून एक वर झाल्या. कुणी म्हणालं बाग आली, कुणी म्हणालं सिग्नल मिळाला, चला. अनुस्वार हसले आणि जागेवर जाऊन बसले. टीशर्टाच्या दिवशी हेच हसणं अंगाला बोचलं होतं. आज ते कापडावरून ओघळून गेलं. तो टीशर्ट कुणीतरी वाटला होता, हा शर्ट त्यांनी निवडला होता. चित्रकार मुलगी मात्र जवळ आली आणि काजं निरखून म्हणाली की लाल दोऱ्याची कल्पना तिला सुचली असती तर तिनं कुणालाही सांगितली नसती.

एकदा चव लागल्यावर ते थांबले नाहीत. उरलेले पांढरे शर्ट त्यांनी एकेक करून कामाला लावले. एकाला ताईनं निळ्या पट्ट्यांच्या बाह्या जोडल्या. एक त्यांनी स्वतः बादलीत रंगवला. तो जांभळा व्हायचा तो चिखलाच्या रंगाचा झाला, आणि बादलीबरोबर न्हाणीघराची फरशीही रंगली, त्यावर बायको जे बोलली ते छापण्याजोगं नव्हतं. दुसरा मात्र झक्क साधला. शिल्लक तुकड्यांतून ताईनं एक बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. त्याचं अस्तर पोपटी होतं, आणि ते फक्त अनुस्वारांना आणि तिला माहीत होतं. राखाडी पँट तीच राहिली. सगळंच बोलायला लागलं तर ऐकणार कोण, असं ताईचं म्हणणं.

दोन महिने असे गेले आणि ती उचलखुर्चीची पुस्तिका आली.

खुर्ची कामाची होती. जागचं हलता न येणाऱ्या माणसाला पट्ट्यांनी बांधून अलगद उचलायचं आणि पलंगावरून दुसरीकडे न्यायचं. घरच्या माणसांनी एकट्यानं वापरावी म्हणूनच ती काढली होती. बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंता बाई खुर्ची घेऊन स्वतः येणार होत्या; त्यांनी होकार दिला की पुस्तिका छपाईला. आदल्या दिवशी आढावा अनुस्वारांच्या टेबलाशी आले. इकडचं तिकडचं बोलले. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

“उद्या जरा साधं काहीतरी घालाल का? पाहुणे आहेत. उगीच लक्ष तिकडे जायला नको.”

“साधं म्हणजे काळं?” अनुस्वारांनी विचारलं. खोचक बोलायचं नव्हतं त्यांना. त्यांना खरंच नेमकेपणा हवा होता.

आढावांनी स्वतःच्या टीशर्टाकडे पाहिलं, आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणून ते निघून गेले.

सकाळी अनुस्वारांनी शेवटचा उरलेला पांढरा शर्ट आणि हिरवा, दोन्ही खुंटीला शेजारी शेजारी लावले. भांडण त्यांना नको होतं. पण आज पांढरा घातला, तर उद्या हिरवा घालताना तो गंमत म्हणून घातल्यासारखा होईल, आणि ती गंमत नव्हती. त्यांनी हिरवा चढवला, लाल काजांतून एकेक बटण ओवलं आणि वर जाकीट घातलं.

मिटिंगच्या खोलीत मधोमध उचलखुर्ची उभी होती. अभियंता बाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ती हिरव्यावर येऊन थांबली, आणि हे कोण म्हणून विचारलं. ते शुद्धलेखन बघतात, असं आढावांनी घाईघाईनं सांगितलं. मग चित्रं पाहून झाली, मजकूर पाहून झाला, सगळ्यांना सगळं पसंत पडलं. प्रमुख बाईंनी विचारलं, आणखी कुणाला काही?

अनुस्वारांना होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पानं दुमडून शिवलेली कच्ची प्रत त्यांच्या हातात आली होती. पडद्यावर जे दिसलं नव्हतं ते तीत दिसलं. पंधराव्या पानाच्या तळाशी सहावी पायरी होती, ‘दोन्ही पट्टे सोडा.’ पान उलटल्यावर सोळाव्यावर, चौकटीत, ‘त्याआधी पाय जमिनीला पूर्ण टेकल्याची खात्री करा.’ एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. ते त्यांचं कामही नव्हतं. शुद्धलेखन तुमचं, मजकूर आमचा, असं त्यांना अनेकदा ऐकवलं गेलं होतं. पण त्यांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. एका हातानं तिला सावरून धरलं की दुसऱ्या हातानं काय काय करता येतं आणि काय येत नाही, ते त्यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

सवयीनं त्यांनी चिठ्ठी लिहिली. ती पुढे सरकवायला हात उचलला, तर सगळं टेबल त्या हिरव्या बाहीकडे बघू लागलं. पांढऱ्या शर्टातला हात भिंतीत मिसळून जाई. हा कुठं लपणार? आणि अंगावर असा शर्ट घालून टेबलावरून चिठ्ठ्या ढकलत बसायचं हे त्यांनाच कसंतरी वाटलं. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते उभे राहिले.

“पान पंधरा,” ते म्हणाले. “हे असं छापलं तर माणूस पडेल.”

आढावांनी लगेच सांगितलं की मजकूर कंपनीनंच मंजूर केलाय, पानांचा आढावा नंतर घेता येईल. अनुस्वारांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं.

“नंतर नको. खुर्ची इथंच आहे. एकानं बसावं, एकानं वाचत वाचत उतरवावं. पाच मिनिटांचं काम आहे.”

अभियंता बाईंनी आढावांकडे पाहिलं, कारण तेच सगळ्यांत जवळ उभे होते, आणि खुर्चीकडे हात केला. आढावा बसले. चित्रकार मुलीला पुस्तिका दिली. तिनं खुर्ची पाहिली होती ती चित्र काढण्यापुरती; म्हणून या कामाला ती मुलगी अगदी योग्य होती. पट्टे आवळले, दांडा फिरवला, आढावा हातभर वर गेले आणि हसून सगळ्यांना हात करू लागले. मग उतरवायची वेळ आली. मुलीनं एका हातानं त्यांच्या पाठीला आधार दिला, दुसऱ्या हातात पुस्तिका. चौथी पायरी, पाचवी पायरी, खुर्ची खाली येता येता टीचभर वर थांबली. “दोन्ही पट्टे सोडा,” तिनं वाचलं, पुस्तिका काखेत धरली आणि पट्टे सोडले.

आढावा घसरले. अभियंता बाई तयारीतच होत्या, त्यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना धरलं. पण क्षणभर त्यांचे पाय हवेत चाचपडले आणि चेहऱ्यावरचं हसू साफ पुसलं गेलं. मुलीनं घाबरीघुबरी होऊन पान उलटलं आणि पुढची चौकट मोठ्यानं वाचली. त्याआधी पाय जमिनीला...

पुढचं तिला वाचवलं नाही.

अभियंता बाईंनी आढावांना नीट उभं केलं, पुस्तिका घेतली आणि ते पान तीन वेळा इकडून तिकडे उलटलं.

“आमच्याकडे हे नऊ जणांनी वाचलंय,” त्या म्हणाल्या.

“नऊ जणांनी वाचलं असेल, बाई,” अनुस्वार म्हणाले. “पण हातात माणूस धरून कुणी वाचलं नव्हतं.”

बाईंनी टेबलाशी एक खुर्ची ओढून घेतली, शेजारची दुसरी खुर्ची अनुस्वारांसाठी पुढे केली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत दोघांनी मिळून आणखी तीन जागा काढल्या. चौकट सहाव्या पायरीच्या वर गेली. प्रमुख बाईंनी त्या दिवसापासून रीतच पाडली, की कच्ची प्रत शिवून आली की यंत्राशेजारी उभं राहून ती अनुस्वारांनी वाचायची आणि मजकुराबद्दलही बोलायचं. आढावा संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी आले. शर्टाबद्दल ते काही बोलले नाहीत. बरं झालं तुम्ही बोललात, एवढं म्हणाले, आणि ते मनापासून होतं. दुसऱ्या दिवशी ते काळ्या टीशर्टातच आले. त्यांना तोच आवडत असावा, आणि अनुस्वारांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिन्याभरानं अभियंता बाईंचा निरोप आला. जिन्यावर चढणारी नवी खुर्ची तयार होत होती. पुस्तिका लिहायला घेण्याआधी अनुस्वारांनी कारखान्यात यावं. ताईनं त्यासाठी मुद्दाम गडद निळा शर्ट शिवला. पाठीवर मानेपासून खाली एकच पिवळी शिवण, सरळ रेघेसारखी. निघताना त्यांनी ती बायकोला वळून दाखवली, आणि तिनं खांद्यावरचा एक धागा चिमटीत धरून काढला.

कारखान्याच्या दारातच एका बाईनं त्यांच्या हातात राखाडी डगला, शिरस्त्राण आणि चष्मा ठेवला. आत जायचं तर गळ्यापर्यंत बटणं लावून, नियम म्हणजे नियम. निळा शर्ट, पिवळी शिवण, सगळं डगल्याखाली गुडूप झालं. आत अकरा माणसं खुर्चीभोवती उभी होती, अकराही राखाडी. अनुस्वार जाऊन बारावे झाले. त्यांतल्या अभियंता बाई कुठल्या ते ओळखायला त्यांना दोन मिनिटं लागली.

खुर्ची जिना चढू लागली. दोन पायऱ्या, तीन, चार. सगळे कौतुकानं बघत होते. चौथ्या पायरीवर चालवणाऱ्यानं दांडा डावीकडे दाबला, आणि अनुस्वारांच्या हातात दिलेल्या, खुर्ची चालवण्याच्या कच्च्या टिपणावर तर उजवीकडे लिहिलं होतं. आवाज बराच होता. शेजारच्यानं त्यांना जरा मागे सरका म्हणून खूण केली.

अनुस्वार पुढे झाले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढले आणि हात वर केला.

“एकदा खाली घ्या,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “आता मी वाचतो, तुम्ही मी वाचेन तेवढंच करा.”

खुर्ची खाली आली. अकरा राखाडी माणसं त्यांच्याकडे वळली, आणि त्यांनी पहिली ओळ वाचली.